लांब लेन्स की लांब मुक्काम?

सप्रेम नमस्कार,

मी हौशी छायाचित्रकार आहे. काही वर्षांपूर्वी क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटर अशा दोन लेन्स. सुट्टी मिळाली की डोंगर, जंगल, पाणवठे असं फिरणं होतं. कॉम्प्युटरवर हजारो फोटो साठलेत, पण भिंतीवर लावावा असा एक सापडत नाही. पक्षी-प्राणी ठिपक्याएवढे येतात आणि मोठे करून पाहिले तर मऊ, पुसट. आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) मी १०० च्या वर नेत नाही, कारण फोटोत दाणे येतात असं सगळेच सांगतात. निसर्गदृश्यांचं तर विचारूच नका. समोर उभा असतो तेव्हा भान हरपतं, आणि घरी येऊन बघतो तर डोंगराची एक आडवी पट्टी. आता ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स घ्यावी असं मनात आहे. घेऊ का?

दुसरं असं की, आमच्या ग्रुपमधले काही जण मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावतात. त्यांचे फोटो माझ्यापेक्षा फारच सरस असतात. मीही तसं करावं का? आणि शेवटचं म्हणजे, घरच्यांबरोबर फिरायला गेल्यावर मी कॅमेरा काढला की सगळ्यांचे चेहरे पडतात. त्यावर काही उपाय? सोबत सहा फोटो पाठवतो आहे.

— धूसर

प्रिय धूसर,

टोपणनाव निवडतानाच तुम्ही निम्मं निदान करून टाकलंत. उरलेलं निम्मं तुमच्या फोटोंच्या फाइलमध्ये होतं. प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा स्वतःची नोंद ठेवतो: कोणती लेन्स, किती शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), किती अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), किती वाजले. तुमचा बगळा ३०० मिलिमीटरवर आणि सेकंदाच्या १/८० भागात टिपलेला आहे. हरणांचा कळप १/१०० वर. दोन्हीकडे आयएसओ १००. या आकड्यांवर जगातली सर्वांत महाग लेन्ससुद्धा तुम्हाला असाच बगळा देईल, फक्त तो धूसर बगळा आकाराने मोठा असेल.

हातात कॅमेरा धरून फोटो काढताना एक जुना ठोकताळा वापरतात. लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितका शटर स्पीड हवा, म्हणजे ३०० ला १/३००. तुमचा सेन्सर लहान असल्यामुळे तो आकडा दीडपट धरायचा. म्हणजे ३०० ला साधारण १/५००. लेन्समध्ये हादरे सावरणारी यंत्रणा असेल तर याहून कमी वेगावरही निभावतं, हे खरं. पण ती तुमच्या हाताचा कंप सावरते, बगळ्याची मान नाही सावरत. पक्षी बसलेला असला तरी सतत काहीतरी करत असतो. मान वळवतो, पिसं साफ करतो, वाऱ्यात फांदीसकट हलतो. त्यामुळे बसलेल्या पक्ष्यालाही १/५०० च्या खाली जाऊ नका, आणि उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून जास्त ठेवा. मग उजेड कमी पडेल, आणि तो भरून काढायला आयएसओ ८००, १६००, पहाटे ३२०० पर्यंत न्यावा लागेल. न्या. दाणे येतील, येऊ देत. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी करता येतात, छापल्यावर तर ते फारसे जाणवतही नाहीत. हललेला डोळा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर नीट परत आणून देत नाही. 'आयएसओ १०० च्या वर जाऊ नका' हा सल्ला ट्रायपॉडवर डोंगराचा फोटो काढणाऱ्यासाठी चांगला आहे. बगळ्यासाठी तो तुम्हाला ज्यांनी दिला, त्यांनी बगळा बहुधा काढलेला नसावा.

तेव्हा पहिली गोष्ट, उद्यापासून कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर (शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याने) किंवा मॅन्युअलवर ठेवा आणि आयएसओ ऑटो करा. लेन्स घ्यायच्या आधी महिनाभर एवढंच करून बघा.

आता ठिपक्याचा प्रश्न. इथे थोडं गणित करू, कारण लेन्सच्या जाहिराती ते आपल्याला करू देत नाहीत. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला २० मीटरवरची जी चौकट दिसते, ती साधारण दीड मीटर रुंद असते. चिमणी १५ सेंटिमीटरची. म्हणजे रुंदीचा जेमतेम दहावा हिस्सा. ६०० ची लेन्स लावलीत तर तीच चिमणी पाचवा हिस्सा व्यापेल. पण त्याच ३०० च्या लेन्सने तुम्ही १० मीटरवर असता, तरीही ती पाचवा हिस्साच व्यापते. अंतर निम्मं करणं आणि लेन्स दुप्पट करणं, चिमणीच्या आकारापुरतं दोन्ही सारखंच. फोटोच्या दर्जाला मात्र सारखं नाही. लांबून काढलेल्या फोटोत मधली सगळी हवा येते, आणि ऊन तापल्यावर जमिनीलगतची ती हवा लाटांसारखी थरथरते. त्यामुळे होणारा पुसटपणा कुठल्याही काचेला टाळता येत नाही. शिवाय ६०० वर हाताचा हादराही दुप्पट दिसतो, म्हणजे शटर स्पीड आणखी वाढवा, आयएसओ आणखी वाढवा. आणि तसल्या झूम लेन्सचं शेवटच्या टोकाला अ‍ॅपर्चर बहुतेक वेळा एफ/६.३ असतं (हा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). पहाटेच्या उजेडात ते अपुरं वाटतं.

तुम्ही म्हणाल, १० मीटरवर जायचं कसं? चिमणी उडून जाते! बरोबर आहे, तुम्ही गेलात तर ती उडणारच. म्हणून आपण जायचं नसतं. तिने यायचं असतं.

माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यात आहे. तुमचे सहा फोटो सहा वेगळ्या ठिकाणचे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही बहुधा पहिल्यांदाच गेला होता. एका जागी तुम्ही काही मिनिटांपेक्षा जास्त थांबला असाल असं वाटत नाही. चालता चालता प्राणी दिसला, कॅमेरा उचलला, प्राणी सावध झाला, तो पळायच्या आत बटण दाबलं. अशा फोटोत प्राणी नेहमी लांब असतो, नेहमी आपल्याकडे पाठ करून किंवा दचकून बघत असतो, आणि उजेड नशिबाने मिळेल तो असतो. तुमचा कॅमेरा यात काहीच चुकत नाहीये.

जॉर्ज शिरास नावाचा एक अमेरिकन होता. मूळचा शिकारी. पुढे त्याने बंदूक ठेवून कॅमेरा घेतला. मिशिगनमधल्या एका तळ्यावर तो लहानपणापासून जात असे. त्याच तळ्यावर रात्री होडीतून, दिव्याच्या झोतात हरणं हेरून फ्लॅशने त्यांचे फोटो काढायला त्याने सुरुवात केली. प्राण्याच्या वाटेत तार बांधायची, तिला पाय लागला की कॅमेऱ्याने आपोआप फोटो घ्यायचा, ही युक्तीही त्याने वापरली. नॅशनल जिओग्राफिकच्या जुलै १९०६ च्या अंकात त्याचे सत्तराहून अधिक फोटो छापले गेले आणि वन्यजीवांचे असे फोटो त्या काळच्या वाचकांना नवे होते. त्याच्याकडची सामग्री आज तुमच्या मोबाईलसमोरही टिकली नसती. पण हरणं कुठून पाण्यावर उतरतात, वारा कुठून आला की बिचकतात, हे त्याला पाठ होतं, कारण तळं तेच होतं. (रात्री फ्लॅश मारायचा भाग मात्र घेऊ नका. निशाचर प्राण्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि आज बऱ्याच ठिकाणी त्याला मनाईही आहे.)

तुम्हीही एक जागा निवडा. जंगलच हवं असं नाही. राहत्या जागेपासून सहज जाता येईल असा एखादा पाणवठा, माळाची कड, बागेतला कोपरा. आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, तिथे जा. पहिल्या काही वेळा फोटो फारसे मिळणार नाहीत आणि मिळायलाही नकोत. तेव्हा कळायला लागेल की खंड्या मासा मारल्यावर ठरावीक दगडावर येऊन बसतो, खार कोणत्या फांदीवरून उतरते, कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या बाजूने पडतं. एकदा दगड कळला की पुढचं सोपं आहे. दगडापासून योग्य अंतरावर, सूर्य पाठीशी किंवा किंचित बाजूला घेऊन, खंड्या यायच्या आधी जाऊन बसायचं. बसायचं म्हणजे खरोखर जमिनीवर बसायचं, जमलं तर पालथं पडायचं. याचे दोन फायदे. बसलेला माणूस प्राण्यांना उभ्या माणसाइतका भीतीदायक वाटत नाही, आणि कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीला आला की मागची जमीन खूप दूर जाते, पार्श्वभूमी आपोआप विरघळते. तुमच्या प्राण्यांच्या सगळ्या फोटोंत तुम्ही प्राण्याकडे वरून बघताय. ही एक सवय मोडलीत तरी फोटो ओळखू येणार नाहीत इतके बदलतील.

फोकस डोळ्यावर. डोळ्यात उजेडाचा बारीक ठिपका दिसला की प्राणी जिवंत वाटतो, तो नसला की पेंढा भरल्यासारखा. मान आपल्याकडे थोडी वळेपर्यंत थांबा आणि मग दोन-चार फोटो सलग घ्या. चाळीस घेऊ नका, घरी जाऊन ते निवडायचेही तुम्हालाच आहेत.

अंतर किती ठेवायचं हे प्राणीच सांगतो. चरणं थांबवून त्याने मान वर केली, कान तुमच्याकडे रोखले, पक्ष्याने शेपटी झटकायला किंवा इशाऱ्याचा आवाज काढायला सुरुवात केली, की तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबू नका, थोडं मागे सरका. आणि घरट्याच्या जवळ तर लेन्स कितीही लांब असली तरी जाऊ नका. आपल्या येण्याजाण्याने गवत दबतं, फांदी बाजूला होते, आणि आपण निघून गेल्यावर ती वाट कावळ्याला आणि मांजराला दिसते.

यातूनच तुमचा दुसरा प्रश्न येतो. आवाज लावून पक्षी बोलावू का? नका लावू. त्या पक्ष्याला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो खाणं सोडून, कधी घरटं उघडं टाकून, नसलेल्या शत्रूला शोधत येतो. तुमच्या मित्रांना वाटतं, एकदाच तर लावला. पण त्याच झाडाखाली काल दुसरा ग्रुप होता आणि उद्या तिसरा येईल, पक्षी मात्र तोच आहे. कित्येक अभयारण्यांत याला बंदी आहे ती यासाठीच. आमिष टाकून शिकारी पक्षी बोलावण्याबद्दलही माझं मत हेच आहे. शिवाय फोटोच्या दृष्टीनेही त्यात फारसं काही नसतं. चिडलेला, समोर बघणारा, छाती फुगवलेला पक्षी. सगळ्या ग्रुपचे फोटो एकसारखे का दिसतात, याचं उत्तर तेच आहे.

या क्षेत्रात बनाव महागात पडतो, हेही सांगून ठेवतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे 'वाईल्डलाईफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही स्पर्धा होते. २००९ साली तिथे फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. काही महिन्यांनी, हा लांडगा बहुधा माणसाळवलेला आहे असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि पुरस्कार काढून घेतला. छायाचित्रकाराने तो आरोप मान्य केला नाही. पण फोटो म्हणून त्यात काही कमी नव्हतं, रचना, उजेड, क्षण, सगळं होतं. गेला तो विश्वास. तुमचे फोटो स्पर्धेत जाणार असोत वा नसोत, फोटोखाली दोन ओळी लिहिताना काही लपवावं लागणार नाही, असे काढा. आणि दुर्मीळ प्राण्याचा फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहू नका, फाइलमधली जीपीएसची नोंदही काढून टाका. ती नोंद शिकाऱ्यालाही वाचता येते.

आता डोंगराची पट्टी. हा फोटो दुपारी पावणेएकला, १८ मिलिमीटरवर काढलेला आहे. दोन्ही आकडे तुमच्या विरोधात गेलेत. रुंद लेन्स जवळच्या वस्तू फुगवते आणि लांबच्या आकसून टाकते. तुमच्या जवळ काहीच नव्हतं, कारण तुम्ही कठड्याला टेकून उभे होता, आणि लांब होता तो फक्त डोंगर. मग उरणार काय? आपला डोळा कड्यावर खिळलेला असतो, बाकीचं तो सोडून देतो. कॅमेरा काहीच सोडत नाही. अशा वेळी ७०-३०० लावा. होय, निसर्गदृश्यासाठी. १०० किंवा १५० मिलिमीटरवर तुमच्या लक्षात येईल की त्या एका दृश्यात चार फोटो होते: कड्यावरची सावली, दोन डोंगरांच्या मधली फिकट होत जाणारी घडी, एकटं झाड. रुंद लेन्स वापरायची तर खाली वाका आणि पायाशी काहीतरी घ्या, दगड, वाहतं पाणी, गवताची पाती. ते नसेल तर रुंद लेन्स बॅगेतच राहू द्या.

उजेडाबद्दल 'सकाळी लवकर जा' एवढं सगळेच सांगतात. कारण असं की सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत असतो तेव्हा ऊन आडवं येतं. प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते, आणि सावल्या असल्या तरच सपाट फोटोत खोली दिसते. पण हा वेळ फार थोडा असतो. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, आणि विषुववृत्ताजवळ तर तो जवळजवळ सरळ वर चढतो. तिथे हे सहा अंश २४-२५ मिनिटांत संपतात. ध्रुवांकडे जावं तसा हा वेळ लांबत जातो. म्हणून जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवायची. उजेड आल्यावर जागा शोधायला लागलात की उजेड गेलाच.

१९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा, अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल अ‍ॅडम्सचा फोटो तुम्ही पाहिला असेल. खाली क्रॉस असलेली दफनभूमी, वर काळंभोर आकाश. त्याने गाडी थांबवली, घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, आणि उजेड मोजायचं मीटरच सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हे त्याला ठाऊक होतं, त्यावरून त्याने एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) ठरवलं. एक फोटो झाला. दुसरा घ्यायच्या आत क्रॉसवरचं ऊन गेलं. ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते, मला ती तयारीची वाटते. अंधारातही हाताला बटणं सापडायला हवीत. टीव्ही बघता बघता कॅमेऱ्याशी खेळत बसा, चालतंय. आणि ते काळंभोर आकाशही चित्रणानंतर डार्करूममध्ये, वर्षानुवर्षं प्रिंट बदलत त्याने गडद केलेलं आहे. तेव्हा रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढून नंतर उजेड-सावली सावरली, तर आपण काही फसवणूक करतोय असं मनात आणू नका. आकाश बदलून दुसरंच चिकटवणं, हा वेगळा उद्योग झाला.

ढगाळ दिवशी घरी बसू नका. झाडोरा, धबधबा, ओढा यांना तोच उजेड बरा. फक्त पांढरं आकाश चौकटीबाहेर ठेवा.

राहिला घरचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. छायाचित्रणाचा सगळ्यात चांगला उजेड नेमका घरचे झोपलेले असताना असतो. सहलीला गेलात की पहाटेचा दीड-दोन तास तुमचा, हे आधीच बोलून ठरवा. सगळे उठायच्या आत परत या, आणि मग दिवसभर लांब लेन्स बॅगेत ठेवा. खरोखर ठेवा. 'एकच मिनिट' हे शब्द तुमच्या घरात फार बदनाम झालेले असणार. दिवसा १८-५५ लावून घरच्यांचेच फोटो काढा, पण ओळीत उभं करून नको. वाटेने पुढे चालणारी पाठमोरी मुलगी त्या डोंगराला मापही देते, आणि वीस वर्षांनी त्या सहलीचा कुठला फोटो उघडून बघितला जाईल हे मी तुम्हाला पैजेवर सांगू शकतो.

६०० ची लेन्स? वर्षभर एका जागी बसून झालं, १/५०० च्या खाली जायची सवय सुटली, आणि तरीही तुमचा खंड्या नदीच्या पलीकडच्या काठावरच बसत असेल, तर जरूर घ्या. त्याआधी दोन दिवस भाड्याने आणून बघा. वजन खांद्याला झेपतं का, हे दुकानात कळत नाही.

ता. क. — तुमच्या सहापैकी चार फोटोंत वर उजवीकडे, अगदी त्याच जागी, एक करडा डाग आहे. तो पक्षी नव्हे, सेन्सरवर बसलेली धूळ आहे. दृश्यांसाठी तुम्ही अ‍ॅपर्चर एफ/२२ ला नेता, त्यात ती ठळक दिसते. शिवाय तुमच्या सेन्सरवर इतक्या बारीक अ‍ॅपर्चरला प्रकाश पसरून सगळा फोटोच किंचित मऊ होतो. एफ/८ किंवा एफ/११ पुरे. धूळ काढायला रबरी ब्लोअर मिळतो. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून तो वापरा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट असतात. त्यानंतर मोकळ्या आकाशाचा एक फोटो एफ/१६ वर काढून डाग गेला का बघा.